रोलच्या जमान्यातल्या ऑटोफोकस झूम मिररलेसवर लावताना: आधी मोटर कुठे आहे ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडिलांच्या मिनोल्टा किटमधल्या दोन झूम घरात आहेत, ३५-७० एफ/४ आणि ७०-२१० एफ/४. मामांकडून निकॉनची एएफ ८०-२०० एफ/२.८डी आली आहे. एक टॅमरॉन २८-२०० पण आहे, तिचा माउंट (लेन्स कॅमेऱ्याला जोडणारं कडं) कुठला ते ठाऊक नाही. वापरलेली सोनी ए७ थ्री घ्यायचं जवळपास ठरलंय. दुकानदार दीड-दोन हजारांत अ‍ॅडॅप्टर देतो म्हणतो. हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यातले पक्षी आणि २०२७च्या नाशिकच्या सिंहस्थात रामकुंडाचा परिसर टिपायचा आहे, तर ऑटोफोकस चालेल का?

त्या दीड-दोन हजारांच्या अ‍ॅडॅप्टरवर एकाही लेन्सचा ऑटोफोकस चालणार नाही. दुसऱ्या अ‍ॅडॅप्टरवर चालू शकतो, पण तो कोणता हे लेन्स आणि बॉडी या दोघांवर अवलंबून आहे. ए७ थ्रीचे पैसे अजून दिले नसतील तर दोन दिवस थांबा, कारण नेमकी हीच बॉडी तुमच्या लेन्ससाठी थोडी अडचणीची आहे.

अ‍ॅडॅप्टर मुळात का लागतो ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. मिररलेसमध्ये आरसा नाही, त्यामुळे माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर कमी असतं. सोनी ई माउंटमध्ये ते १८ मिमी, कॅनन आरएफमध्ये २० मिमी, निकॉन झेडमध्ये १६ मिमी. जुन्या एसएलआरमध्ये आरशाला जागा द्यावी लागायची, म्हणून मिनोल्टा ए माउंटचं अंतर ४४.५ मिमी, कॅनन ईएफचं ४४ आणि निकॉन एफचं ४६.५. मिनोल्टाची लेन्स सोनीवर लावायची तर मधले २६.५ मिमी भरून काढावे लागतात, निकॉनसाठी २८.५. हे अंतर भरायला धातूची पोकळ नळी पुरते, आणि दुकानदार देतोय ती हीच. आत काचही नसते आणि तारही नसते. पण ऑटोफोकसच्या लेन्सला जागेवर धरून ठेवणं पुरत नाही. तिचं फोकस कुणीतरी फिरवावं लागतं, अपर्चर (प्रकाश आत सोडणारं छिद्र) कुणीतरी बंद-उघड करावं लागतं, आणि ती किती मिमीवर आहे हे बॉडीला कळावं लागतं.

इथे सगळा फरक मोटरच्या जागेचा. मिनोल्टाने १९८५ मध्ये मॅक्सम ७००० काढला तेव्हा फोकसची मोटर बॉडीत ठेवली. माउंटमधून एक छोटा दांडा बाहेर येतो, लेन्सच्या खाचेत बसतो आणि स्क्रूड्रायव्हरसारखा फिरतो. निकॉनने १९८६ च्या एफ-५०१ मध्ये हीच पद्धत घेतली. कॅननने १९८७ ला ईओएस ६५० काढताना जुना माउंट सोडून दिला आणि मोटर लेन्समध्ये घातली. अपर्चरसुद्धा विजेवर नेलं, यांत्रिक दांडी उरलीच नाही. त्यावेळी कॅननचे जुने ग्राहक नाराज झाले, पण आज त्याचं फळ दिसतं. १९८७ ची ईएफ ७०-२१० एफ/४ कॅननच्याच ईएफ-ईओएस आर अ‍ॅडॅप्टरवर आजच्या आर६ वर ऑटोफोकस करते. तिच्यानंतर कित्येक वर्षांनी आलेली निकॉनची एएफ-डी लेन्स मात्र निकॉनच्याच झेड६ वर एफटीझेड (निकॉनचा एफ ते झेड जोड) लावूनही ऑटोफोकस करत नाही. एफटीझेडमध्ये, आणि एफटीझेड टू मध्येही, अपर्चरची दांडी हलवायची सोय आहे. फोकसचा स्क्रू फिरवणारी मोटर नाही.

लेन्स उलटी करा आणि मागे बघा. पाच किंवा आठ सोनेरी संपर्कबिंदूंची ओळ, स्क्रूची खाच आणि एक दांडी दिसली, पण अपर्चर रिंग नसली, तर ती मिनोल्टा ए. संपर्कबिंदू, खाच, दांडी आणि वर अपर्चर रिंगही असली तर बहुधा निकॉन एफ. फक्त संपर्कबिंदू असतील, खाचही नाही आणि दांडीही नाही, तर कॅनन ईएफ. पेंटॅक्समध्ये संपर्कबिंदू माउंटच्या धातूच्या कड्यावरच असतात. टॅमरॉन आणि सिग्मा एकच झूम या सगळ्या माउंटमध्ये विकायचे, त्यामुळे पुढच्या नावावरून काही ठरत नाही.

आता तुमच्या मिनोल्टा. मिनोल्टाचा कॅमेऱ्यांचा व्यवसाय २००६ मध्ये सोनीकडे गेला, त्यामुळे या लेन्ससाठी अ‍ॅडॅप्टर खुद्द सोनीनेच काढले. तीन लक्षात ठेवा.

एलए-ईए३ मध्ये मोटर नाही. तो फक्त एसएसएम आणि एसएएम, म्हणजे स्वतःची मोटर असलेल्या ए माउंट लेन्ससाठी. तुमच्या लेन्सना तो निरुपयोगी, आणि वापरलेल्या मालात नेमका हाच स्वस्त दिसतो.

एलए-ईए४ मध्ये मोटर आहे, शिवाय स्वतःचा अर्धपारदर्शक आरसा आणि स्वतःचा फोकस सेन्सरही आहे. ए७ थ्रीवर तुमच्या दोन्ही मिनोल्टा यावर ऑटोफोकस करतील. किंमत मोजावी लागते ती अशी. फोकसचे १५ बिंदू मिळतात आणि ते सगळे मध्यावर गोळा झालेले, फ्रेमच्या कडेला काही नाही. बॉडीतला डोळे ओळखणारा फोकस वापरता येत नाही, कारण फोकसचं काम बॉडी करतच नाही. आरसा थोडा प्रकाश खातो, साधारण एक तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणं). आरशावर धूळ बसते आणि तो पुसायला गेलात तर ओरखडे पडतात. फक्त ब्लोअरने फुंकायचं. आणखी एक महत्त्वाची गोष्ट: फोकस वेगळ्या सेन्सरवर मोजला जात असल्यामुळे तो पुढे-मागे चुकू शकतो. त्यासाठी मेनूत एएफ मायक्रो अ‍ॅडजस्टमेंट आहे, उणे २० ते अधिक २०. झूमला एकच आकडा देता येतो, म्हणून तो २१० मिमीवर, एफ/४ ला लावा. ३५-७० सारख्या छोट्या झूमला फोकसची खोली जास्त असते, तिथे थोडी चूक पचते.

एलए-ईए५ २०२० मध्ये आला. यात आरसा नाही, मोटर आहे, आणि फोकस मुख्य सेन्सरवरच मोजला जातो. त्यामुळे बिंदू जवळजवळ पूर्ण फ्रेमभर मिळतात, डोळ्यांचा फोकस चालतो आणि पुढे-मागे चुकण्याचा प्रश्नच मिटतो. अट अशी की स्क्रूवाल्या लेन्स तो ठरावीक बॉड्यांवरच फिरवतो. ए७आर फोर आणि ए६६०० पहिल्यापासून यादीत आहेत, ए१ आणि ए७ फोर पुढे आल्या. ए७ थ्री यादीत नाही. ए७ थ्रीवर एलए-ईए५ लावलात तर ७०-२१० हाताने फिरवावी लागेल. अ‍ॅडॅप्टरवर ठळक अक्षरांत काही लिहिलेलं नसतं आणि वापरलेला विकणाराही हे सांगत नाही. पैसे देण्यापूर्वी सोनीच्या सपोर्ट पानावर आपल्या बॉडीचं नाव शोधा.

मॉन्स्टर अ‍ॅडॅप्टर नावाची कंपनी एलए-ईए४ मध्ये बसवायचा वेगळा सर्किट बोर्ड विकते. तो टाकून आरसा काढला की ए७ थ्रीसारख्या बॉडीवरही मुख्य सेन्सरचा फोकस वापरता येतो. अ‍ॅडॅप्टर उघडावा लागतो, बारीक रिबन केबल हाताळाव्या लागतात. हात बसलेला नसेल तर हे काम घरी करू नका. याच कंपनीचा एलए-एफई२ हा निकॉन एफ ते सोनी ई अ‍ॅडॅप्टर आहे, त्यात स्क्रूसाठी मोटर आहे. तुमच्या ८०-२०० डी ला सोनीवर ऑटोफोकस हवा असेल तर रस्ता तिकडून जातो.

म्हणजे दोन मिनोल्टांसाठी एक अ‍ॅडॅप्टर आणि एका निकॉनसाठी दुसरा. दोघांचा खर्च मांडा आणि शेजारी आजच्या ई माउंटच्या एखाद्या झूमची किंमत लिहा. उदाहरणार्थ टॅमरॉनची ७०-३०० एफ/४.५-६.३, जी फक्त ५४५ ग्रॅमची आहे. पक्षी हाच मुख्य हेतू असेल तर माझं मत स्पष्ट आहे: अ‍ॅडॅप्टरचे पैसे नव्या लेन्समध्ये घाला. कारण पुढे येतंय.

ऑटोफोकस 'चालतो' आणि ऑटोफोकस 'धावत्या गोष्टीला धरतो' यात मोठं अंतर आहे. जुन्या एसएलआरमध्ये बॉडी एकदा मोजायची, फोकस किती आणि कुठल्या दिशेला चुकलाय, आणि लेन्सला तेवढं एका झटक्यात फिरवायची. गिअर त्यासाठीच केलेले. गिअरच्या दातांत थोडी मोकळीक असते, दिशा बदलली की ती आधी भरून निघते आणि मग काच हलते. आजच्या लेन्समधली मोटर सेकंदाला कित्येकदा किंचित पुढे, किंचित मागे करत विषयाला धरून राहते. स्क्रूच्या लेन्सला हे जमत नाही. सेन्सरवर फेज डिटेक्शन (फोकस किती आणि कुठल्या दिशेला चुकलाय ते थेट मोजणारी पद्धत) असेल तर निदान एका दमात जागेवर पोचते. फक्त कॉन्ट्रास्ट बघून फोकस करणाऱ्या बॉडीवर ती जागा ओलांडते, परत येते, पुन्हा ओलांडते. मोटर कुरकुरत राहते आणि बॅटरीही लवकर उतरते. व्हिडिओसाठी या लेन्सचा ऑटोफोकस धरूच नका, मोटरचा आवाज माइकमध्ये स्वच्छ ऐकू येतो.

नांदूर मध्यमेश्वरला पक्षी काठापासून लांब असतात. फुल फ्रेमवर (रोलच्या चौकटीएवढ्या सेन्सरवर) २१० मिमी तिथे फारच तोकडी पडते. एपीएस-सी मोडमध्ये दृश्य ३१५ मिमीसारखं होतं, पण तो त्याच चित्राचा कापलेला मधला भाग असतो. ए७ थ्रीच्या २४ मेगापिक्सेलचे साधारण १० उरतात. बसलेला बगळा, मनोऱ्यावरून दिसणारा थवा, पाण्यावरचं सकाळचं धुकं हे सगळं सुंदर मिळेल. उडणारा पाणकावळा किंवा झेपावणारी घार मिळाली तर नशीब.

घाट हा या लेन्सचा खरा विषय आहे. माणसं उभी असतात, पूजा चाललेली असते, नदीपलीकडून ७०-२१० ने चेहरे जवळ येतात. मिनोल्टाची ही झूम पूर्ण पल्ल्यात एफ/४ राहते, झूम करताना लांबी बदलत नाही आणि मागचं दृश्य फार मऊ विरघळवते. म्हणून ती जपावी असं मला मनापासून वाटतं. तिची उणीवही ठरलेली: पूर्ण उघड्या अपर्चरला उजळ कडांवर जांभळी किनार. पितळी भांड्यावरची चमक, पाण्यावरचं ऊन, पांढऱ्या धोतराची कड इथे ती हमखास दिसते. एफ/५.६ ला बरीच कमी होते, एफ/८ ला आणखी. उरलेली सॉफ्टवेअरमध्ये डीफ्रिंजने काढा, पण जपून, नाहीतर जांभळ्या रंगाचे उपरणेही फिके पडतात.

संध्याकाळच्या गोदाआरतीत दिवे समोर येतात. रोलचा पृष्ठभाग मंद, सेन्सरची काच चकचकीत. सेन्सरवरून परतलेला प्रकाश जुन्या लेन्सच्या मागच्या काचेवर आपटून पुन्हा सेन्सरवर येतो आणि मध्यभागी धुरकट डाग किंवा दिव्यांची उलटी प्रतिबिंबं उमटतात. हूड लावा, यूव्ही फिल्टर काढा, आणि दिवा फ्रेमच्या बरोबर मध्यावर ठेवू नका. स्वस्त अ‍ॅडॅप्टरची आतली भिंत चमकत असेल तर हाच त्रास दुप्पट होतो. आतून काळा मखमली कागद चिकटवला की फरक लगेच दिसतो. फक्त तो संपर्कबिंदू आणि दांडीच्या वाटेत येऊ देऊ नका.

आता खर्च करण्यापूर्वीची तपासणी. यात घाई करू नका, कारण वीस-तीस वर्षं कपाटात पडलेली झूम बाहेरून नवी दिसते आणि आत बुरशीने भरलेली असते. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने दमट, आणि जुनी चामड्याची पेटी म्हणजे बुरशीचं माहेरघर.

मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून लावा आणि समोरून तिरकं बघा. झूम दोन्ही टोकांना फिरवून बघा, कारण आतल्या काचा सरकल्या की लपलेला भाग दिसतो. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा म्हणजे बुरशी. एकसारखं दुधाळ धुकं म्हणजे आतल्या वंगणाची वाफ काचेवर बसलेली, किंवा दोन काचांमधला चिकट थर सुटलेला. वंगणाचं धुकं साफ होतं. थर सुटला असेल तर खर्च करू नका. कडेला एखादी छोटी बुरशीची रेष असेल तर चित्रात फरक पडत नाही, पण ती वाढते, म्हणून साफ करून घ्या आणि तोवर बाकीच्या लेन्सपासून लांब ठेवा.

मग अपर्चर. मिनोल्टा ए लेन्स बॉडीवर नसताना पूर्ण बंद असते. मागची दांडी बोटाने सरकवली की पाती उघडतात, सोडली की टचकन मिटली पाहिजेत. आळसावून मिटत असतील किंवा पातींवर तेलाची चमक दिसत असेल तर एफ/८ ला फोटो जास्त उजळ येतील, कारण शटर उघडेपर्यंत पाती जागेवर पोचतच नाहीत. तुमच्या ३५-७० मध्ये हे नक्की तपासा. निकॉनमध्ये रिंग एफ/२२ ला ठेवून दांडी हलवा, वागणूक तशीच हवी. कॅनन ईएफ मात्र बॉडीशिवाय कायम उघडी दिसते. तिचं अपर्चर फक्त बॉडीवर, डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यू दाबून तपासता येतं. उघड्या अपर्चरला फोटो येतो आणि एफ/८ ला एरर येतो असं झालं, तर बहुधा आतली अपर्चरची रिबन केबल गेलेली असते. जुन्या सिग्मा ईएफ लेन्समध्ये हाच एरर चिपमुळे येतो. सिग्माने कॅननची भाषा स्वतः उलगडून वापरली होती आणि नंतरच्या बॉड्यांनी ती ओळखली नाही. अशी लेन्स नुसती उघड्या अपर्चरलाच वापरता येते.

स्क्रूची खाच छोट्या स्क्रूड्रायव्हरने अगदी हलक्या हाताने फिरवा. फोकस रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न अडखळता गेली पाहिजे. मध्ये कुठे जड लागली तर मोटर तिथे अडकेल आणि बॉडी फोकस सोडून देईल. संपर्कबिंदू आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओलसर केलेल्या सुती कापडाने पुसा. खोडरबर नको, सोन्याचा मुलामा निघतो. गंज काढायचे स्प्रे तर माउंटजवळही नेऊ नका.

अ‍ॅडॅप्टर हातात आल्यावरची चाचणी अशी. ट्रायपॉडवर कॅमेरा, पाच-सहा मीटरवर भिंतीला चिकटवलेलं वर्तमानपत्र, ७०-२१० पूर्ण २१० वर, एफ/४. फोकस रिंग अनंतावर नेऊन ऑटोफोकस करा, फोटो घ्या. मग रिंग सर्वांत जवळ नेऊन पुन्हा फोकस करा, फोटो घ्या. असे दोन्हीकडून पाच-पाच. सगळे सारखेच धारदार तर उत्तम. अनंताकडून येताना धारदार आणि जवळून येताना मऊ असं ठरून होत असेल तर गिअरची मोकळीक जास्त आहे. अशा वेळी नेहमी एकाच दिशेने फोकस घ्यायची सवय लावावी लागते. दहाही फोटो सारखेच मऊ असतील आणि एलए-ईए४ असेल तर मायक्रो अ‍ॅडजस्टमेंट करा.

दुसरी चाचणी कोपऱ्यांची. लांबची सपाट इमारत, भरपूर खिडक्या असलेली, एफ/८. एकच कोपरा मऊ येत असेल तर काहीतरी तिरकं बसलंय. दुसरी लेन्स लावून बघा. तोच कोपरा मऊ राहिला तर दोष अ‍ॅडॅप्टरचा, बदलला तर लेन्सचा. चारही कोपरे एफ/४ ला मऊ आणि एफ/८ ला बरे हे मात्र जुन्या झूमचं नेहमीचं वागणं आहे, त्याची काळजी नको. ए७आर फोरचे ६१ मेगापिक्सेल ही सगळी लक्षणं मोठी करून दाखवतात. म्हणून एलए-ईए५ साठी बॉडी बदलायचीच असेल तर ३३ मेगापिक्सेलची ए७ फोर या लेन्सना जास्त मानवते.

बॉडीवरच्या सेटिंगपैकी एक लोक सहसा विसरतातच: इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन शटर बंद करा. मिनोल्टाच्या लेन्सबरोबर तो चालू ठेवला तर वेगवान शटरला फ्रेमचा उजेड असमान येऊ शकतो, आणि सोनीच्या सूचनापुस्तिकेतही मिनोल्टासाठी तो बंद ठेवायलाच सांगितलं आहे. प्री-एएफ बंद ठेवा, नाहीतर कॅमेरा नुसता डोळ्याला लावला तरी मोटर फिरत राहते. फोकस एएफ-ऑन बटणावर घ्या आणि शटर बटणावरून काढून टाका. एएफ-एस (एकदा फोकस घेऊन थांबणारा मोड), मधला एकच मध्यम आकाराचा बिंदू. झूम बदललात की पुन्हा फोकस घ्या. या झूम फोकल लेंग्थ बदलली की फोकस जागेवर धरून ठेवतीलच असं नाही.

निकॉन ८०-२०० तुम्ही सध्या हातानेच फोकस करणार असाल तर तिला साधी नळीही चालते, कारण अपर्चर रिंग लेन्सवरच आहे. मिनोल्टाला अशी नळी लावलीत तर नळीवरच्या रिंगने दांडी ढकलावी लागते आणि एफचा आकडा कळत नाही, अंदाजाने चालतं. साध्या नळीवर 'लेन्सशिवाय शटर' चालू करा आणि स्टेडीशॉटमध्ये (हात हलल्याची भरपाई करणाऱ्या सोयीत) फोकल लेंग्थ हाताने भरा. झूम सतत बदलत असाल तर लहान आकडा भरून ठेवा. मोठा आकडा भरून लहान झूमवर आलात तर कॅमेरा गरजेपेक्षा जास्त हलवतो आणि चित्र उलट बिघडतं. फोकस पीकिंगवर (धारदार कडा रंगाने दाखवणाऱ्या सोयीवर) पूर्ण विश्वास टाकू नका, एफ/२.८ ला मॅग्निफायरने डोळ्याच्या पापणीवर बघा. या लेन्सची दोन रिंगांची, ट्रायपॉड कॉलर असलेली आवृत्ती साधारण १३०० ग्रॅमची आहे, म्हणून ट्रायपॉडवर कॉलरनेच लावा. बॉडीने लावलीत तर सगळा भार अ‍ॅडॅप्टरच्या दोन कड्यांवर येतो आणि ती काही दिवसांत सैल होतात. हातात धरतानाही लेन्स धरा, बॉडी नव्हे.

मधेच एकदा हिशेब मांडतो. ए७ थ्री घेतलीच तर मिनोल्टासाठी एलए-ईए४, मधल्या १५ बिंदूंवर समाधान मानून. ए७ फोर परवडत असेल तर एलए-ईए५, आणि तो फारच सुखाचा. निकॉनसाठी हाताने फोकस किंवा मोटरवाला एलए-एफई२. पक्ष्यांसाठी आजची लेन्स. घरात काहीच जुनं नसतं आणि तुम्ही नव्याने जुन्या लेन्स जमवायला निघाला असतात, तर मी कॅनन आर आणि जुन्या ईएफकडे वळायला सांगितलं असतं. फक्त काही जुन्या ईएफवर फोकसचं क्षेत्र कडेपर्यंत पोचत नाही आणि सलग फोटोंचा वेगही कमी होतो.

आता सिंहस्थाबद्दल, कारण तिथे तुमचं सगळ्यात जास्त नुकसान होऊ शकतं. मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे पावसात. या लेन्सना आणि अ‍ॅडॅप्टरना पाण्यापासून कसलंही संरक्षण नाही, आणि सांधे एकाऐवजी दोन झाले. ढकलून झूम होणारी लेन्स दर वेळी बाहेरची हवा आत ओढते, तिच्याबरोबर वाफ आणि धूळही. पावसात झूम एका जागी ठेवून पायाने पुढे-मागे व्हा. रेनकव्हर बॉडीपासून हूडपर्यंत सलग असू द्या, अ‍ॅडॅप्टरचा सांधा उघडा राहता कामा नये. गर्दीत घाटावर लेन्स बदलू नका. ३५-७० हवी की ७०-२१० हे घरून निघतानाच ठरवा. एसीच्या खोलीतून थेट बाहेर आलात तर काचेवर बाष्प धरतं, बॅग बंद ठेवूनच अर्धा तास जाऊ द्या. रंगपंचमीच्या रहाडीजवळ (रंगाच्या पाण्याच्या हौदाजवळ) मात्र ही जुनी काच अजिबात नेऊ नका. रंगाचं पाणी फोकस रिंगच्या फटीत गेलं की लेन्स पूर्ण उघडल्याशिवाय निघत नाही.

परत आल्यावर लेन्स कोरड्या कापडाने पुसून, दोन्ही टोप्या काढून पंख्याखाली तासभर ठेवा, मग ड्राय बॉक्समध्ये. आर्द्रता ४५ ते ५० टक्के पुरे. त्याखाली नेलीत तर वंगण आणि रबर सुकतं. ड्राय बॉक्स नसेल तर घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. जेलचा रंग बदलला की ते मंद आचेवर भाजून परत वापरता येतं. चामड्याची जुनी पेटी आठवणीसाठी ठेवा, लेन्स तिच्यात ठेवू नका.

टॅमरॉनच्या मागच्या बाजूचा उजेडात काढलेला फोटो इथे टाका, संपर्कबिंदू आणि खाच दिसतील असा. ८०-२०० चाही टाका, तिची रिंग एक आहे की दोन ते दिसायला हवं. ए७ थ्रीचा सौदा अजून झाला नसेल तर तेही कळवा.